'मानवकेंद्री' : एका विशेषणाचा कारकविचार

१

मराठी समीक्षेला '-केंद्री' हे उत्तरपद नवे नाही. लेखककेंद्री, संहिताकेंद्री आणि वाचककेंद्री अशी समीक्षापद्धतींची त्रिविध विभागणी आपल्या विद्यापीठीय अध्यापनात इतकी रूढ झाली आहे की, या शब्दांमधील 'केंद्र' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न विचारण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. वास्तविक वाचककेंद्री समीक्षेचा अनुभव आपल्याला सावध करणारा होता. वाचकाला केंद्रस्थानी आणल्याची घोषणा झाली खरी. परंतु वोल्फगांग इझर यांनी १९७२ मध्ये ज्या वाचकाची मांडणी केली तो हाडामांसाचा वाचक नव्हता. संहितेनेच आपल्या रचनेतून गृहीत धरलेली ती एक भूमिका होती. केंद्रात जो आला तो वाचक संहितेचीच निर्मिती ठरला, आणि प्रत्यक्ष वाचणारी माणसे होती तेथेच राहिली.

हेच उत्तरपद आता एका वेगळ्या ज्ञानक्षेत्रातून आपल्याकडे परत येत आहे. माहितीशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवरील परिषदांची निवेदने, शोधनिबंध मागविणारी परिपत्रके आणि बीजभाषणांची शीर्षके यांत 'मानवकेंद्री' हे विशेषण गेल्या काही वर्षांत सर्रास आढळू लागले आहे. अशा परिषदांना साहित्य, भाषा आणि तत्त्वज्ञान या विषयांच्या अभ्यासकांनाही निमंत्रण असते. ज्या विद्याशाखा आपल्या उपयुक्ततेचा खुलासा करून थकल्या आहेत त्यांना 'मानव' हा शब्द तंत्रज्ञांच्या तोंडून ऐकू यावा, ही गोष्ट सुखावणारी आहे. परंतु निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी निमंत्रणपत्रिकेचे वाचन करणे हे समीक्षकाचे काम आहे.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे : 'केंद्र' हे स्थानाचे रूपक आहे. ते स्थान सांगते, क्रिया सांगत नाही. केंद्रातील मानव काही करतो, की त्याच्यावर काही केले जाते, की त्याच्यासाठी काही केले जाते, की त्याच्यापासून काही घेतले जाते, याविषयी हे रूपक मौन पाळते. मराठीत आपण आरोग्यकेंद्र, परीक्षाकेंद्र, मतदानकेंद्र असे शब्द वापरतो. या प्रत्येक केंद्रात माणूस असतोच. पण तेथील त्याच्या भूमिका एक नाहीत. या भूमिका वेगळ्या करून दाखविण्याचे साधन आपल्या व्याकरणपरंपरेत कारकविचाराच्या रूपाने उपलब्ध आहे. त्या साधनाने 'मानवकेंद्री' या विशेषणाचे वाचन केले, तर या परिषदांच्या भाषेतून कोण गहाळ झाले आहे ते दिसू लागते.

२

माहितीशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांना जोडणारे 'आणि' हे अव्यय दिसते तितके निरुपद्रवी नाही. ही दोन क्षेत्रे दोन वेगळ्या संमेलनांच्या आठवणी बाळगून आहेत, आणि ती संमेलने वर्षभराच्या आत एकामागून एक भरली होती.

पहिले १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात भरले. त्याचा प्रस्ताव जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की, नॅथॅनियल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन यांनी ३१ ऑगस्ट १९५५ रोजी सिद्ध केला होता. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे क्षेत्रनाम या प्रस्तावामुळे रूढ झाले. प्रस्तावाचे मूळ गृहीतक असे की, शिकण्याच्या आणि बुद्धीच्या प्रत्येक पैलूचे तत्त्वतः इतके काटेकोर वर्णन करता येईल की, त्यावरून यंत्राला त्याचे अनुकरण करायला लावता येईल. हे विधान इंग्रजीत कर्मणी रचनेत आहे आणि मराठीतही ते शक्यार्थी होऊनच येते. 'वर्णन करता येईल' येथे कर्म आहे, क्रिया आहे. वर्णन करणारा मात्र नाही. वैज्ञानिक गद्याची ही एक संकेतमान्य लकब आहे असे म्हणून त्या वेळी कोणी तिकडे लक्ष दिले नाही तर त्यात नवल नाही. परंतु हा अनुक्त कर्ता पुढे पन्नास वर्षांनी कोठे सापडतो ते आपण पाहणार आहोत.

दुसरे संमेलन मे १९५७ मध्ये इंग्लंडमधील डॉर्किंग येथे भरले. विषय होता माहितीच्या पुनःप्राप्तीसाठी वर्गीकरण. ब्रिटिश वर्गीकरणतज्ज्ञांच्या बरोबरीने तेथे शियाळी रामामृत रंगनाथन उपस्थित होते. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणातून पुढे आलेले पैलू-विश्लेषणाचे तत्त्व हेच पुनःप्राप्तीच्या पद्धतींचे अधिष्ठान असावे, असा कौल या संमेलनाने दिला. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतील दुसरा वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असे सांगतो आणि तिसरा ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे सांगतो. येथील 'त्याचा' ही षष्ठी लक्षात घेण्यासारखी आहे. पाणिनीय व्यवस्थेत षष्ठी कारकांमध्ये मोडत नाही. ती संबंध दाखविते. रंगनाथनांचा वाचक क्रियेचा भोक्ता म्हणून येत नाही, केंद्र म्हणूनही येत नाही. तो एका परस्परसंबंधाचे एक टोक आहे, आणि तो संबंध जुळविणारा ग्रंथपाल हा उघड, उत्तरदायी कर्ता आहे.

तात्पर्य, एका संमेलनाने वर्णन करणाऱ्याला वाक्याबाहेर ठेवले, तर दुसऱ्याने वर्गीकरण करणाऱ्याला आपल्या चर्चेचा विषय केले. आजची परिषद या दोन्ही परंपरांचा वारसा सांगते. वर्गीकरण निरागस नसते ही गोष्ट माहितीशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सॅनफर्ड बर्मन यांनी १९७१ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या विषयशीर्षकांतील पूर्वग्रहांची झाडाझडती घेतली होती. जेफ्री बोकर आणि सुसान ली स्टार यांनी १९९९ मध्ये हाच प्रश्न आजारांच्या व वंशांच्या वर्गीकरणापर्यंत नेला. ही स्मृती 'आणि'च्या एका बाजूला आहे. ती दुसऱ्या बाजूला पोहोचते का, हा खरा प्रश्न आहे.

३

१९६६ हे वर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात समीक्षेच्या भाषा आणि मानवविषयक विज्ञाने यांवर एक परिषद झाली. तेथे झाक देरिदा यांनी वाचलेल्या निबंधाने संरचनावादाच्या अमेरिकेतील आगमनाबरोबरच त्याच्या विसर्जनाचीही सुरुवात करून दिली. त्यांचा मुद्दा केंद्राविषयीच होता. केंद्र संरचनेला धरून ठेवते, तिच्या घटकांच्या हालचालींचे नियमन करते. परंतु स्वतः मात्र त्या हालचालींतून सुटलेले असते. म्हणून केंद्र एकाच वेळी संरचनेच्या आत आणि बाहेर असते. ज्याला केंद्र म्हटले त्याची तपासणी थांबते. मिशेल फूको यांचा 'मानव' ही अलीकडची आणि कदाचित अल्पजीवी कल्पना असल्याचे सुचविणारा ग्रंथही त्याच वर्षीचा.

त्याच वर्षीच्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रज्ञानसंस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' या संभाषण करणाऱ्या आज्ञावलीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिची सर्वांत गाजलेली भूमिका मानसोपचारकाची होती, आणि तो मानसोपचारक कार्ल रॉजर्स यांच्या पंथाचा होता. रॉजर्स यांच्या १९५१ मधील ग्रंथाच्या शीर्षकातच 'केंद्री' हे पद आहे : उपचारार्थीला केंद्रस्थानी ठेवणारी उपचारपद्धती. या पद्धतीत उपचारक आपले मत लादत नाही. रुग्णाचेच म्हणणे त्याच्याकडे परत नेतो. वायझेनबाउम यांनी ही भूमिका निवडली याचे कारण व्यावहारिक होते. जगाविषयी काहीही ठाऊक नसताना संभाषण चालू ठेवायचे, तर समोरच्याचे वाक्य थोडे फिरवून त्यालाच परत देणे सर्वांत सोपे. त्यांची सचिव या यंत्राशी बोलत असताना तिने त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले, ही हकिगत त्यांनीच पुढे नमूद केली आहे. या अनुभवाने अस्वस्थ होऊन त्यांनी १९७६ मध्ये संगणकाची शक्ती आणि मानवी विवेक यांची फारकत मांडणारा ग्रंथ लिहिला.

या प्रसंगाचा सर्वसाधारण अर्थ असा लावला जातो की, माणसे यंत्रालाही माणूस समजतात. परंतु आपल्या दृष्टीने त्यातून निघणारा निष्कर्ष अधिक नेमका आहे. आपण केंद्रस्थानी आहोत हा प्रत्यय काही शब्दयोजनांनी निर्माण करता येतो, आणि त्यासाठी केंद्राविषयी कोणाला आस्था असण्याची आवश्यकता नसते. केंद्रितता हा वक्तृत्वाचा परिणाम असू शकतो. साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात धक्का बसण्याजोगे काही नाही. पण ज्या क्षेत्राने 'मानवकेंद्री' हे आपल्या नीतीचे नाव ठरविले आहे, त्याने आपल्याच इतिहासातील हा दाखला विसरणे योग्य नव्हे.

देरिदांची चिकित्सा मात्र येथे एका मर्यादेनंतर अपुरी पडते. केंद्र हे केवळ एक कार्य आहे, स्थान नव्हे, असे दाखवून दिल्यावर समीक्षक मोकळा होतो. परंतु ज्या माणसांच्या श्रमावर संरचना उभी आहे ती माणसे केंद्रात कधी नव्हतीच. विकेंद्रीकरणाने त्यांचे काही जात नाही आणि त्यांना काही मिळतही नाही. म्हणून 'केंद्रात कोण?' या प्रश्नाकडून 'या क्रियेत कोण कोणत्या कारकाने येतो?' या प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे.

४

पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आहे. कर्त्याला जे सर्वाधिक इष्ट ते कर्म, क्रियासिद्धीत जे सर्वाधिक साहाय्यक ते करण, कर्माच्या द्वारे ज्याला गाठायचे ते संप्रदान आणि वियोगात जे स्थिर राहते, ज्याच्यापासून काही दूर जाते, ते अपादान. अधिकरणाचा विचार येथे बाजूला ठेवू. या चौकटीत 'मानवकेंद्री' या विशेषणाचा इतिहास वाचला, तर त्यातील मानवाचे कारक दर टप्प्यावर बदलत गेलेले दिसते.

पहिला टप्पा इंग्लंडमधील कारखान्यांचा आहे. ल्यूकस एरोस्पेस या कंपनीतील कामगार प्रतिनिधींनी जानेवारी १९७६ मध्ये एक पर्यायी योजना मांडली. नोकरकपातीला उत्तर म्हणून त्यांनी समाजोपयोगी अशा सुमारे १५० उत्पादनांची सूची तयार केली होती. व्यवस्थापनाने ती फेटाळली. या लढ्यातील अभियंते माइक कूली यांनी १९८० मध्ये आपल्या ग्रंथात मानवकेंद्री यंत्रव्यवस्थेची कल्पना विशद केली. त्यांचा मानव हा यंत्रावर काम करणारा कुशल कामगार होता. त्याच्या हातातील आणि नजरेतील, शब्दांत न सांगता येणारे ज्ञान काढून घेऊन ते यंत्रात भरण्यास कूलींचा विरोध होता. म्हणजे येथे मानव कर्ता आहे, यंत्र करण आहे, आणि 'मानवकेंद्री' या शब्दाला एक स्पष्ट प्रतिपक्ष आहे.

दुसरा टप्पा प्रमाणकांचा. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेने संवादी प्रणालींच्या मानवकेंद्री अभिकल्पासाठी १३४०७ क्रमांकाचे प्रमाणक जाहीर केले. २०१० मध्ये त्याची जागा नव्या प्रमाणकाने घेतली. येथील मानव हा उत्पादनाचा उपयोग करणारा आहे. माहितीशास्त्रातही ब्रेंडा डर्विन आणि मायकेल निलन यांनी १९८६ मध्ये प्रणालीकडून उपयोजकाकडे वळण्याचे आवाहन केले होते, आणि त्याची ज्ञानात्मक बाजू भक्कम होती. तथापि व्याकरणदृष्ट्या या टप्प्यावर मानव संप्रदान झाला : ज्याच्यासाठी रचना करायची तो. मराठीने त्याला 'वापरकर्ता' हे नाव दिले. शब्दात 'कर्ता' आहे. पण पाणिनीला अभिप्रेत असलेले स्वातंत्र्य त्यात किती उरले आहे, हे ज्याने पडद्यावरच्या अटी न वाचता मान्य केल्या आहेत तो जाणतो.

तिसरा टप्पा मार्च २०१९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मानवकेंद्री कृत्रिम बुद्धिमत्तेची संस्था सुरू झाली तेव्हाचा म्हणता येईल. संगणकशास्त्रज्ञ फेई-फेई ली आणि तत्त्वज्ञ जॉन एचेमेंडी हे तिचे पहिले सहसंचालक. आता मानव म्हणजे अखिल मानवजात. संप्रदान तेच राहिले, परंतु त्याची व्याप्ती इतकी वाढली की प्रतिपक्ष नाहीसा झाला. मानवजातीच्या हिताविरुद्ध कोण बोलणार? ज्या विशेषणाला विरोधी पदच उरत नाही ते वर्णन करीत नाही, फक्त गौरव करते.

५

आता डार्टमथच्या त्या अनुक्त कर्त्याकडे वळू. बुद्धीच्या पैलूंचे काटेकोर वर्णन कोण करणार होते? प्रस्तावकांच्या मनात बहुधा तर्कशास्त्रज्ञ आणि गणिती असावेत. प्रत्यक्षात घडले ते वेगळे. फेई-फेई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'इमेजनेट' हा चित्रसंग्रह सादर केला. पुढे त्यातील चित्रांची संख्या १ कोटी ४० लाखांच्या वर गेली. संगणकाच्या दृष्टिज्ञानाला आजचे वळण देण्यात या संग्रहाचा वाटा मोठा आहे. या चित्रांत काय आहे याची खातरजमा १६७ देशांतील सुमारे ५०,००० माणसांनी अॅमेझॉनच्या 'मेकॅनिकल टर्क' या कामवाटप-व्यवस्थेतून केली. या व्यवस्थेचे नाव अठराव्या शतकातील बुद्धिबळ खेळणाऱ्या एका कथित यंत्रावरून घेतलेले आहे. त्या यंत्राच्या पेटीत माणूस दडवलेला असे. इतके प्रांजळ नामकरण तंत्रज्ञानाच्या इतिहासात विरळच. १९५५ च्या वाक्यातील अनुक्त कर्ता तो हाच : वर्णन करणारा, आणि पेटीतला.

व्याकरण येथे आणखी एक भेद उपलब्ध करून देते. करणारा आणि करविणारा हे दोघेही कर्तेच. पहिला प्रयोज्य, दुसरा प्रयोजक. चित्रांची नावे निश्चित करणारी माणसे प्रयोज्य कर्ता आहेत, ती निश्चिती करवून घेणारी संशोधनसंस्था प्रयोजक कर्ता आहे. परिषदेच्या गद्यात मात्र 'संग्रह सिद्ध करण्यात आला' असे म्हटले की दोघेही एकदम दृष्टिआड होतात.

याच संग्रहात व्यक्तींचे वर्ग होते. त्यांची पुनर्तपासणी झाली तेव्हा २,८३२ व्यक्तिवर्गांपैकी १,५९३ वर्ग अनुचित ठरवून वगळावे लागणार असल्याचे संग्रहकर्त्यांनीच सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर केले. त्याआधी केट क्रॉफर्ड आणि ट्रेव्हर पॅगलन यांनी आपल्या कलाप्रकल्पातून या वर्गांचे स्वरूप लोकांपुढे आणले होते. येथे मानव कर्म आहे : ज्याला नाव दिले जाते तो. त्याचे छायाचित्र त्याच्यापासून घेतलेले असल्यामुळे तो अपादानही आहे. संग्रहकर्त्यांनी दुरुस्ती केली ही गोष्ट त्यांच्या श्रेयाची आहे. तरीही बर्मन यांनी १९७१ मध्ये ग्रंथालयाच्या शीर्षकांविषयी जे दाखवून दिले, ते शेजारच्या क्षेत्राला पुन्हा मुळापासून शिकावे लागले, ही वस्तुस्थिती उरतेच. 'आणि' हे अव्यय तेथे काम करीत नव्हते.

म्हणजे २०१९ या एकाच वर्षी, एकाच संशोधनपरंपरेत, मानव संस्थेच्या नावात संप्रदान होता, संग्रहाच्या वर्गांत कर्म होता, चित्रांच्या स्रोतात अपादान होता आणि पेटीत प्रयोज्य कर्ता होता. या चारही ठिकाणची माणसे एक नाहीत. 'मानव' हे एकवचन ती एक असल्याचा भास निर्माण करते. जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम' या नियतकालिकाने केनियातील कामगारांचा वृत्तान्त दिला. संभाषणयंत्राच्या उत्तरांतून हिंसक आणि अत्याचारी मजकूर वगळता यावा म्हणून तसला मजकूर वाचून त्यावर खुणा करण्याचे काम ते ताशी दोन डॉलरहून कमी वेतनावर करीत होते. एका मानवाला सुरक्षित ठेवण्यासाठी दुसऱ्या मानवाने ते वाचले. दोघांनाही 'केंद्री' हेच विशेषण कसे लागू पडेल?

६

या क्षेत्रातील सर्वच विचारवंतांनी कर्त्याचा प्रश्न टाळला आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. बेन श्नायडरमन यांनी २०२२ च्या आपल्या ग्रंथात यंत्राला सहकारी किंवा सोबती मानण्याचे रूपक नाकारून त्याला समर्थ अवजार मानावे असा आग्रह धरला. यंत्राची स्वयंचलितता आणि माणसाचे नियंत्रण ही परस्परविरोधी नसून दोन्ही एकत्र वाढू शकतात, हे त्यांचे प्रतिपादन. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ते यंत्राला पुन्हा करण करू पाहतात. याचे महत्त्व मोठे आहे. 'तलवार चांगली कापते' या व्याकरणकारांच्या जुन्या उदाहरणात करण विवक्षेने कर्ता होते. 'यंत्राने अर्ज नाकारला' या आजच्या वाक्यातही तेच घडते. व्याकरण वक्त्याला ही मुभा देते, पण तलवार धरणाऱ्याला त्यामुळे दोषमुक्ती मिळत नाही. श्नायडरमन यांची उणीव इतकीच की, त्यांच्या मांडणीत प्रकाश पडतो तो यंत्राच्या नियंत्रणफलकासमोर बसलेल्या कर्त्यावर. पेटीतील कर्ता त्या तुलनेत अंधारात राहतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, परिषदेच्या नावावर इतका भार टाकणे अतिरेकी आहे. नावे प्रासंगिक असतात, काम निबंधांत होते. हा आक्षेप अंशतः मान्य करता येतो. परंतु निधी कोणत्या प्रश्नाला मिळावा, कोणता निबंध मुख्य सत्रात असावा आणि कोणता 'सामाजिक परिणाम' या शीर्षकाखाली अखेरच्या दिवशी दुपारी वाचला जावा, हे या नावांनीच ठरते. अमेरिकेतील माहितीशास्त्राच्या व्यावसायिक संघटनेने १९३७ च्या आपल्या मूळ नावातील 'प्रलेखन' हा शब्द १९६८ मध्ये सोडून 'माहितीविज्ञान' हा शब्द घेतला, तेव्हा केवळ पाटी बदलली नव्हती. अभ्यासविषयाची व्याख्या बदलली होती.

मग साहित्याच्या अभ्यासकाने अशा परिषदेत काय करावे? मानव्यविद्येचा प्रतिनिधी म्हणून 'मानव' या शब्दाचे स्वागत करणे हे त्याचे काम नव्हे. आणि मानव केव्हाच विकेंद्रित झाला आहे असे सांगून बाजूला होणे हेही नव्हे. त्याने आपल्या हातातील साधन वापरावे : प्रत्येक कर्मणी वाक्याला त्याचा कर्ता मागावा, प्रत्येक 'साठी'ला त्याचे 'पासून' विचारावे, करणारा आणि करविणारा यांतील भेद नोंदवून घ्यावा. ही मागणी कोणत्याही तांत्रिक ज्ञानावर अवलंबून नाही. ती वाचनावर अवलंबून आहे.

अर्थात ही मागणी करताना आपल्या गद्याकडेही पाहावे लागेल. 'असे मानले जाते', 'असे म्हटले गेले आहे', 'सर्वसाधारण अर्थ असा लावला जातो' ही मराठी समीक्षेची नित्याची वाक्ये आहेत, आणि त्यांतील शेवटचे याच निबंधाच्या तिसऱ्या भागात येऊन गेले आहे. तो अर्थ कोण लावतो, हे तेथे सांगितलेले नाही. दुसऱ्या क्षेत्राच्या भाषेतील हरवलेला कर्ता शोधण्याचा अधिकार आपल्याला आपल्या भाषेतील कर्ता शोधल्यानेच मिळेल.